गाडीवानाची खाट

आमच्या ख्रिस्ती मंडळीत तीन वडील, म्हणजे कारभारी, होते. पाद्रीसाहेब नसताना उपासना चालवणे, भांडणे मिटवणे आणि आजारी माणसांची व्यवस्था पाहणे ही आमची कामे होती. पहिली दोन कामे आम्ही बरी करत असू. तिसऱ्या कामात आमच्या हातून एक चूक झाली. ती मी येथे लिहून ठेवतो. माझ्याखेरीज बाकीचे दोघे आता हयात नाहीत, आणि ज्यांच्या बाबतीत ती चूक झाली त्यांना लिहिता येत नव्हते.

मोरिशसमध्ये मी ऐन तारुण्यात आलो. सें पिएरच्या वरच्या अंगाला साखरेचा एक मोठा मळा होता. ऊस, कारखाना, साहेबाचा बंगला आणि मजुरांच्या झोपड्यांची रांग या सगळ्याला मिळून आमची माणसे कोठी म्हणत. त्या कोठीत खुरपणीच्या टोळीवर मी सरदार, म्हणजे मुकादम होतो. आसपासच्या तीन कोठ्यांमध्ये आमच्यासारखे मराठी ख्रिस्ती तीसेक असतील. कोणाचा बाप्तिस्मा देशात, म्हणजे हिंदुस्थानात, झालेला, कोणाचा इथे. एका दुकानदाराने आपल्या दुकानामागची, पाचटाने शाकारलेली पडवी आम्हाला दिली होती. तेथे दर रविवारी आम्ही जमत असू. पाद्रीसाहेब पोर्ट लुईहून घोड्यावरून महिन्यातून एकदा येत. इतर रविवारी मास्तर शास्त्र वाचत. मास्तर, कारखान्यातला सुतार आणि मी असे तिघे वडील.

मंडळीत एक गाडीवान होता. वयाने आम्हा सर्वांहून मोठा, एकटा, आणि जिभेचा तिखट. कारखान्याच्या उतारावर उसाने भरलेली गाडी कलंडली आणि तो तिच्याखाली सापडला. पाठीचा कणा मोडला. कमरेखाली त्याला काही कळेना. कोठीच्या दवाखान्यात महिनाभर ठेवून डॉक्टरने सांगितले की हा बरा होणारा नाही, आणि चार माणसांनी त्याला उचलून त्याच्या झोपडीत खाटेवर आणून टाकले.

असा माणूस अंथरुणावर नुसता ठेवून चालत नाही. दर थोड्या वेळाने त्याची कूस बदलावी लागते, नाही तर पाठीला जखमा पडतात. त्याला धुवावे लागते, चिंध्या बदलाव्या लागतात, त्या ओढ्यावर नेऊन धुवाव्या लागतात. पेज भरवावी लागते. पाणी खालच्या ओढ्यातून चढावर आणावे लागते. हे सगळे शेजारच्या झोपडीतल्या एका माणसाने सुरू केले. तो माझ्याच टोळीत खुरपणीला होता. बायकोपोरे नव्हती. बोलणे कमी. गाडीवानाशी त्याचे नाते नव्हते. गावही एक नव्हते. त्याच्याखाली तो केळीची कोवळी पाने अंथरी, कारण गोणपाटाला कातडी चिकटते. हे त्याला कोणी शिकवले ते मी कधी विचारले नाही.

तो एकटा नव्हता हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. समोरची बाई सकाळी पेजेचा एक वाडगा पाठवी. दोघे भाऊ होते, ते आळीपाळीने पाणी आणत. एक म्हातारी चिंध्या धुवी. यांना कोणी नेमले नव्हते. रस्त्यावरून जाताना दार उघडे दिसले म्हणून ते आत शिरले आणि पुढे येत राहिले.

आम्ही तिघे वडील रविवारी उपासनेनंतर गाडीवानाच्या दाराशी उभे राहून प्रार्थना करत असू. आत जात नसू. दुर्गंधी होती हे एक कारण. दुसरे कारण असे की गाडीवान देशात ज्या जातीचा होता त्या जातीच्या माणसाला आमच्यापैकी कोणी कधी शिवले नव्हते. बाप्तिस्म्यानंतर एका प्याल्यातून प्यायला आम्ही शिकलो होतो. अंग धुवायला शिकलो नव्हतो. ही गोष्ट आमच्यापैकी कोणी तोंडाने बोलला नाही. बोलण्याची गरज पडली नाही.

दोन महिन्यांनी मास्तरांनी विषय काढला की गाडीवानाच्या त्या शेजाऱ्याच्या सेवेची मंडळीने कदर केली पाहिजे. सुताराला ते पटले. मलाही पटले. आमच्या लोकांत कदर करायची म्हणजे काय करायचे हे ठरलेले असते. आम्ही पोर्ट लुईहून पांढरे तलम कापड आणवले, आणि पाद्रीसाहेब आले त्या रविवारी सर्वांसमोर त्याला उभे करून फेटा बांधला. मास्तरांनी बांधला, कारण त्यांचा हात चांगला होता. मी जाहीर केले की आजपासून हा मंडळीचा आजाऱ्यांचा सेवक आहे, आणि आजाऱ्यांची सर्व व्यवस्था त्याच्या हाती आहे. पाद्रीसाहेबांनी त्याच्याशी हस्तांदोलन केले. बायकांचे डोळे भरून आले. तो खाली पाहत उभा होता. मला वाटले, हा विनय आहे.

त्यानंतर आम्ही निश्चिंत झालो. माझ्या आठवणीत त्या महिन्यांत आम्ही त्या दाराशी दोनदा गेलो असू.

चार-पाच आठवड्यांनी माझ्या टोळीत त्याचे काम मागे पडू लागले. प्रत्येकाला रोज उसाच्या ठरावीक सऱ्या खुरपायच्या असत. काम अपुरे राहिले तर तो दिवस गैरहजेरीत धरावा असा कोठीचा नियम होता. पहिल्या वेळी मी त्याला ताकीद दिली. दुसऱ्या वेळी गैरहजेरी लावली. तिसऱ्या वेळी तो सरीच्या मध्यावर कुदळीच्या दांड्यावर कपाळ टेकून उभ्याउभ्या झोपलेला दिसला. टोळीतली माणसे हसत होती. एकाने म्हटले, "पंच बसलेत विचाराला, आवाज करू नका." मीही त्याला सर्वांदेखत बोललो. मंडळीचा सेवक म्हणवणाऱ्याने तरी कामचुकारपणा करू नये, असे काहीसे. त्याने कुदळ उचलली आणि खुरपू लागला.

पुढच्या रविवारी तो उपासनेला आला नाही. पडवीत मास्तरांच्या जागेवर फेटा नीट घडी करून ठेवलेला होता.

मला राग आला. मंडळीने दिलेला मान परत करणे म्हणजे मंडळीचा अपमान, अशी माझी समजूत होती. उपासना संपताच मी एकटाच कोठीवर गेलो. तो गाडीवानाच्या झोपडीत होता. चिंध्यांची बादली दारात होती, पेजेचे भांडे चुलीवर करपत होते, आणि तो एका हाताने गाडीवानाला कुशीवर धरून दुसऱ्या हाताने त्याची पाठ पुसत होता. मी दाराशी उभा राहून विचारले की हे काय चालवले आहे.

"महिनाअखेर माझा करार संपतो," तो मागे न पाहता म्हणाला. "लालमतीकडं बहीण हाय माझी. तिकडच्या कोठीत नाव लावतो."

मी म्हणालो, "आणि याचे काय?"

त्यावर गाडीवानच बोलला. "माझं काय, सरदारा? साहेब मला गाडीत घालून पोर्ट लुईला धाडंल. तिथं अनाथांच्या खोलीत टाकतील. तिथल्या लोकांची बोली मला येत न्हाई, माझी त्यांना न्हाई. शिवी दिली तरी कळायची न्हाई कुणाला. तेवढंच वाईट वाटतं."

हे खरे होते. कोठीत ज्याचे पाहणारे कोणी नाही असा निकामी माणूस साहेब ठेवत नसे. तो आजवर राहिला तो या एका माणसाच्या बळावर.

मी सेवकाला म्हणालो की अडचण होती तर वडिलांना सांगायला हवे होते. त्याने गाडीवानाला हळूच पाठीवर निजवले, हात धुतले, आणि प्रथमच माझ्याकडे पाहिले.

"आधी पाच जण होतो आम्ही," तो म्हणाला. "तुम्ही माझ्या डोक्याला फेटा बांधला आन् चौघं घरी गेली. मला मान नको होता, सरदार. मला पाणी आणणारा पायजे होता."

मला हे तेव्हा नीट कळले नाही. मी समोरच्या बाईकडे गेलो. ती दारात तांदूळ निवडत होती. पेज पाठवणे का बंद केले म्हणून मी विचारले. ती ओशाळली.

"आम्ही कोण, भाऊजी?" ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत, व्यवस्था त्यांच्या हाती. मग आपण मधे वाडगा घेऊन जायचं म्हणजे आगाऊपणा न्हाई का? लोक म्हणाले असते, हिलाबी फेटा पायजे."

दोघा भावांनी तेच सांगितले. म्हातारीने जरा वेगळे सांगितले. तिला वाटले होते की मंडळीने सेवक नेमला म्हणजे आता सगळे मंडळीकडून येत असेल, आपली गरज उरली नाही. ती पुढे म्हणाली, "येत न्हवतं व्हय?"

त्या संध्याकाळी मी मास्तरांना आणि सुताराला बोलावून जे ऐकले ते सांगितले. सुतार म्हणाला की एक दिवस उपास करून प्रार्थना करावी. मास्तर म्हणाले की त्या चौघांचाही जाहीर सत्कार करावा, म्हणजे ते परत येतील. मी म्हणालो की आता कोणाचाही सत्कार करायचा नाही, आणि प्रार्थना पाणी आणताना करता येते. महिनाअखेरीला तीन आठवडे राहिले होते. तेवढ्यात त्या माणसाला विसावा मिळाला नाही तर तो जाणार, आणि गाडीवान पोर्ट लुईला जाणार. दुसऱ्यांना सांगण्याआधी हे काम आपण तिघांनी करायचे असे मी मांडले. मास्तरांनी विचारले, "करायचे म्हणजे आत जाऊन?" मी म्हणालो, "आत जाऊन."

आम्ही कामे वाटून घेतली. सुताराने कावड केली आणि पहाटे कारखान्यात जाण्यापूर्वी पाणी भरू लागला. मास्तरांकडे पेज भरवणे आणि दाढी करणे. अंग धुणे, कूस बदलणे आणि चिंध्या माझ्याकडे. ते मी मागून घेतले. ज्याने सेवकाला टोळीसमोर बोल लावले होते त्याने सर्वांत वाईट काम घ्यावे, हे मला न्यायाचे वाटले.

पहिल्या दिवशी दुपारी मी झोपडीत शिरलो तेव्हा माझे पाय अडले. ते मी लपवत नाही. गाडीवानाने ते पाहिले. तो म्हणाला, "सरदारा, बैल शिवेना झालाय का गाडीला?" मी जवळ गेलो आणि त्याच्या पायाखाली हात घालून त्याला फिरवू लागलो. तो ओरडला.

"अरे, बैल वळवताना कुणी शेपूट धरतं का? खांदा धर, खांदा. एक हात कमरंला. आता एका दमात. हां. आयुष्यभर माणसं हाकलीस, एक माणूस वळवता येईना?"

त्या दिवसापासून आम्हाला तो बैलच म्हणू लागला. सुतार उजवा, मी डावा. मास्तर म्हातारे म्हणून त्यांना सूट मिळाली होती. त्यांना तो नुसते वासरू म्हणे. मास्तर रागावत, पण येत.

सेवक पहिला आठवडा आमच्याशी बोलला नाही. आम्ही काम करत असताना तो दारात बसून पाहत असे. झोप म्हटले तरी झोपत नसे. आम्ही किती दिवस टिकतो ते तो पाहत होता, आणि तसे पाहण्याचा त्याला अधिकार होता.

रविवारी मी मंडळीसमोर उभा राहिलो. मी सांगितले की चूक वडिलांची झाली. एकाला मान देऊन आम्ही सर्वांना मोकळे केले आणि स्वतःही मोकळे झालो. यापुढे आजाऱ्यांचे काम कोणा एकाचे नाही. वडील रोज आपली पाळी करतील. ज्याला यायचे त्याने यावे, त्यासाठी कोणाला विचारावे लागणार नाही. एवढेच बोलून मी बसलो. दुसऱ्या सकाळी पेजेचा वाडगा आला. दोघा भावांपैकी एकच आला. दुसऱ्याने ओढ्याच्या चढाची सबब सांगितली आणि तो कधीच आला नाही. म्हातारी आली. नवीन दोघे आले, त्यांतला एक पंधरवड्याने गळला.

महिना संपायला दहा दिवस राहिले असताना सेवक माझ्याकडे आला. त्याने विचारले की करार संपण्याआधी बहिणीकडे जाऊन यायचे आहे, पास मिळेल का. कोठीच्या परवान्याशिवाय मजुराला हद्दीबाहेर पाय टाकता येत नसे; शिपायाने धरले तर तुरुंग.

"किती दिवस?" मी विचारले.

"आठ. मी नसताना तुम्ही तिघांनी आठ दिवस करून दाखवा. परत आल्यावर मी त्याची पाठ बघीन. मग ठरवीन कुठं नाव लावायचं ते."

मी साहेबाकडे गेलो. साहेब म्हणाला की खुरपणीच्या हंगामात एक कुदळ आठ दिवस कमी करता येणार नाही. मी सांगितले की कुदळ कमी होणार नाही, त्याच्या सऱ्या मी करीन. साहेबाने मला नीट न्याहाळले आणि म्हटले की सरदाराने कुदळ धरली तर टोळी त्याला मानणार नाही. मी म्हणालो की ते माझे मी पाहून घेईन. त्याने पास लिहून दिला.

हजेरीच्या वहीत त्याला हजर दाखवणे मला सोपे होते. इतर सरदार आपल्या माणसांसाठी तसे करत. पण मग त्याच्या सऱ्या टोळीतल्या बाकीच्यांच्या माथी गेल्या असत्या, आणि मंडळीचे ओझे मंडळीबाहेरच्या माणसांनी वाहिले असते. तेव्हा टोळीला काम लावून देऊन मी त्याच्या सरीत उतरलो. दहा वर्षांनी हातात कुदळ आली होती. दुपारपर्यंत तळहात फुटले. टोळीने मजा केली. "सरदार, पाठ वाकवा जरा, लांबून ताठ दिसता." दुसरा म्हणाला, "ह्यांची हजेरी आता कुणी लावायची?" मी त्याला सांगितले की तू लाव, आणि वही त्याच्याकडे फेकली. त्याला वाचता येत नव्हते. तो वही छातीशी धरून उभा राहिला. बाकीचे त्याला हसू लागले, आणि माझ्यावरचे हसणे थांबले. साहेबाचे भाकीत खरे झाले नाही. तो आठवडा टोळीने नेहमीपेक्षा नीट खुरपले. का, ते मला सांगता येणार नाही.

दुपारच्या सुटीत मी झोपडीत जाई, आणि काम सुटल्यावर पुन्हा; एरवी मास्तर गाडीवानाला वळवत. तिसऱ्या दिवशी सुताराला ताप आला, तेव्हा कावडही माझ्याकडे आली. मास्तरांनी न सांगता चिंध्या उचलल्या. ते बादली घेऊन ओढ्याकडे उतरताना मी पाहिले. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःचे धोतर स्वतः धुतले नव्हते तो दगडावर त्या चिंध्या आपटत होता, आणि म्हातारी त्यांना शिकवत होती की इतक्या जोराने आपटू नका, फाटतील. पाद्रीसाहेब त्याच आठवड्यात आले. त्यांनी हे पाहिले आणि पुढच्या उपदेशात सांगतो म्हणाले. मी त्यांना नम्रपणे विनंती केली की कोणाचे नाव घेऊ नये. त्यांनी कारण विचारले. मी सांगितले की आमच्या लोकांत ज्याचे नाव घेतले जाते त्याच्यावर काम सोडून दिले जाते. त्यांनी ते मानले. त्या रविवारी त्यांनी दुसराच विषय घेतला, आणि उपासनेनंतर कोट काढून आमच्याबरोबर झोपडीत आले.

आठव्या दिवशी सायंकाळी सेवक परतला. चेहऱ्यावर मांस आले होते. बहिणीने दिलेली मक्याची कणसे त्याने गाडीवानाच्या उशाशी ठेवली आणि त्याला कुशीवर वळवले. आम्ही तिघे भिंतीला लागून उभे होतो. त्याने खांद्यापासून खालपर्यंत बोट फिरवून पाठ तपासली. डाव्या कमरेवर एक ठिकाण लाल होते. कातडी फुटली नव्हती.

"ह्या बाजूवरनं वळवायची पाळी कुणाची?" त्याने विचारले.

"माझी," मी म्हणालो.

"दुपारी उशीर होतो तुम्हाला."

"सरी लांब आहे."

गाडीवान उशीत तोंड खुपसून म्हणाला, "डावा बैल हाय, पण ओढतो. ठेवून घे."

सेवकाने लाल जागेवर खोबरेल चोळले, आणि दाब पडू नये म्हणून गुडघ्यांमध्ये कापडाची घडी कशी ठेवायची ते मला दाखवले. ते मी दोनदा करून पाहिले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी करारासाठी माणसे कचेरीसमोर रांगेत उभी होती. लालमतीकडच्या कोठीचा सरदारही माणसे जमवायला आला होता आणि झाडाखाली बसला होता. सेवक रांगेत होता. मी त्याच्याजवळून गेलो तेव्हा त्याने मला थांबवून विचारले की वादळाच्या दिवसांत ओढा भरतो, तेव्हाही याल का. मी म्हणालो, येऊ. सुताराचे काय, त्याने विचारले. मी म्हणालो की त्याच्याबद्दल मला सांगता येत नाही, माझ्याबद्दल सांगतो.

त्याने मान हलवली. त्याचा क्रमांक आल्यावर तो आत गेला आणि आमच्या कोठीच्या कागदावर आणखी एका वर्षाची निशाणी करून आला. मी झोपडीकडे निघालो. दुपारची पाळी माझी होती आणि वेळ झाली होती.